कच्ची रेघ

ठसे मारणाऱ्या माणसाला शिल्पकार म्हणायचं असेल, तर पोस्टातल्या कारकुनाला चित्रकार म्हणायला काय हरकत आहे? हा प्रश्न मी आमच्या स्टुडिओत वरचेवर विचारत असे. उत्तर कोणी देत नसे. सगळे माना खाली घालून ठसे मारत बसलेले असत.

ठसा म्हणजे काय ते सांगतो. पडद्यावर मातीसारखा वागणारा एक गोळा असतो. हातात पेन, पेनाखाली काळी पाटी. पाटीवर पेन दाबून ओढलं की पडद्यावरच्या मातीत खाच पडते नाहीतर उंचवटा येतो, जसा हवा तसा. आता समजा या गोळ्यावर मगरीचं कातडं उमटवायचं आहे. जातिवंत माणूस एकेक खवला कोरत बसेल. आळशी माणूस एक करड्या रंगाचं चित्र घेतो. त्या चित्रातला पांढरा भाग माती वर उचलतो, काळा भाग खाली दाबतो, करडा मधेच कुठेतरी लोंबकळतो. हे चित्र पेनाच्या टोकाला बांधायचं आणि गोळ्यावरून फिरवायचं. चहा गार व्हायच्या आत मगर तयार. चित्राच्या चारही कडा एकमेकींशी जुळवून घेतल्या की सांधासुद्धा दिसत नाही. फक्त त्या मगरीचा प्रत्येक खवला शेजारच्या खवल्याचा जुळा भाऊ असतो. डोळा फसतो, बोट फसत नाही.

आणि आमचं काम बोटांसाठीच होतं. ज्या जनावरांना आपण जंगलात जगू दिलं नाही, त्यांची कातडी हुबेहूब छापून वातानुकूलित दालनात मांडायची आणि पोरांना कुरवाळायला द्यायची, ही कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली देव जाणे. पण कोकणात ते स्पर्शालय निघालं आणि धो धो चाललं. केसाहून कितीतरी बारीक थर एकावर एक चढवणारी छपाई यंत्रं आता गावोगाव झाली आहेत. त्यामुळे पडद्यावर जे कोराल ते जसंच्या तसं हाताला लागतं. जिवंत जनावराला हात लावण्याची ज्यांची छाती होत नाही ते आईबाप मेलेल्या जनावराच्या नकलेवरून पोराचा हात फिरवतात आणि फोटो काढतात.

असो. या नकलांमधल्या निम्म्या माझ्या हातच्या. मी हेमंत तारळेकर, कोल्हापूर. मी ठसा वापरत नाही. माझ्या खवल्यांच्या ओळी सुरुवातीला ऐसपैस असतात आणि पुढे पुढे लहान होत जातात. या धंद्यातले लोक त्याला 'तारळेकरी उतार' म्हणत. दोन-तीन वर्षांत हा उतार इतका गाजला की ठसेवाल्या पोरांनी त्याचाही ठसा काढला.

घरी मात्र कौतुक बेताचंच. माझी बायको वैजयंती दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहे. दिवसभर दुधाचे टँकर तपासणाऱ्या बाईच्या घरात नवऱ्याला चहा मिळतो अर्धा कप. विचारलं तर म्हणे, "साखर वाढेल." मला साखर नाही. तरी वर्षभर अर्धाच कप. चिंगूसपणाला आरोग्याचं नाव दिलं की बोलायची सोय राहत नाही.

आता सारथीबद्दल सांगायला हवं. हात प्रत्येकाचाच थरथरतो. तुमचाही. सेकंदाला आठ-दहा वेळा, पण इतका बारीक की दिसत नाही. पेन हातात घेऊन केसाएवढी खाच काढायला जा, मग दिसेल. सारथी नावाची प्रणाली ही थरथर गाळते. एवढ्यावर ती थांबत नाही. रेघेच्या पहिल्या तुकड्यावरून हाताला कुठे जायचं आहे ते ओळखते आणि रेघ तिथे नेऊन सोडते. तुम्ही पेनाने काढता ती कच्ची रेघ, सारथी काढतो ती पक्की. पडद्यावर फक्त पक्की दिसते. कच्ची मागच्या मागे साठवली जाते, म्हणजे सारथी तुमचा हात आणखी चांगला ओळखायला शिकतो. थोडक्यात, रेघ तो काढतो आणि पगार तुम्हाला मिळतो.

सारथी आला त्याच दिवशी मी मालकाला, प्रीतम मगदूमला, सांगितलं होतं, "हे बेणं माझ्या पाटीवर नको." मगदूम माझ्याहून वीस वर्षांनी लहान. पायात नेहमी पांढरेशुभ्र बूट, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. तो हसला. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यातली सारथीची निळी खूण दुसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून अख्ख्या स्टुडिओत फक्त माझी रेघ माझी होती, आणि हे मी दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवत असे.

खवले मांजराचं काम आलं तेव्हा मला मनातून आनंद झाला. ठसेवाल्यांचा या जनावरापुढे निभाव लागत नाही. त्याचे खवले एकावर एक चढलेले, प्रत्येकावर उभ्या बारीक रेषा, आणि बिळात घासून घासून टोकं झिजलेली. कुठले दोन सारखे नाहीत. ते मी पाठीकडून सुरू केलं.

एका सकाळी नाझनीन बागवान बाहेर येऊन म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत सारथी बंद राहणार, दुरुस्ती आहे." आमची सगळी यंत्रणा नाझनीन सांभाळते. तिचं बोलणं संपायच्या आत दालनभर हाय हाय सुरू झाली. मी खुर्ची मागे टाकून मोठ्याने हसलो.

"रडा आता," मी म्हणालो. "बघू कोणाच्या हातात काय आहे."

आणि पेन टेकवलं. रेघ नागमोडी आली.

मला वाटलं पाटीवर धूळ आहे. पाटी पुसली. पुन्हा काढली. पुन्हा तसंच. हायवेवरून ट्रक जातोय म्हणून हादरत असेल, म्हणून टेबलाखाली पुठ्ठा घातला. मग पेनाचं टोक बदललं. मग शेजारच्या पोराचं पेन ओढून घेतलं. त्याने माझं घेतलं आणि बऱ्यापैकी सरळ रेघ काढून दाखवली. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ती लगेच पुसून टाकली.

"नाझनीन, माझी पाटी बिघडली आहे," मी ओरडलो.

ती येऊन माझ्या मागे उभी राहिली. "पाटी चांगली आहे, सर."

"मग बाकीच्यांना काही होत नाही, माझ्याच पाटीला काय धाड भरली? आणि मला सारथीशी देणंघेणं काय? माझा तर बंदच आहे."

तिने आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाली, "सर, आत येता काय जरा?"

आतल्या खोलीत तिने दार लावलं. "तुमचा सारथी कधी बंद केलाच नव्हता, सर. नुसती निळी खूण काढली होती. मगदूम सर म्हणाले, त्यांचं समाधान होऊ दे."

मी खुर्ची ओढून बसलो.

मग तिने माझ्या रेघा दाखवल्या. काळी पक्की, तिच्याखाली लाल कच्ची. सहा वर्षांपूर्वीच्या घोरपडीत काळी आणि लाल एकमेकींवर बसलेल्या होत्या, मधे नखही गेलं नसतं. ते बघून मला बरं वाटलं. पुढचं बघून बरं वाटणं संपलं. वर्षावर्षाला लाल रेघ काळीला सोडून चालली होती. अलीकडची तर उसवलेल्या लोकरीसारखी होती. काळी मात्र तशीच, ठणठणीत. तिच्याकडे बघून मी इतकी वर्षं मिशीला पीळ देत होतो.

"तू हे कधीपासून बघते आहेस?"

"मला सांगायचं होतं, खरं धीर झाला नाही." तिने पडद्यावरचे डोळे काढले नाहीत. "ही थरथर वयाची नाही, सर. वयाची जलद असते. ही सावकाश आहे, सेकंदाला चार-पाच वेळा. तीन वर्षांमागं सारथीनं स्वतःच सूचना दिली होती, या माणसाला डॉक्टरांकडं न्या म्हणून. ती सूचना मगदूम सरांकडं गेली."

मी तसाच मगदूमच्या खोलीत शिरलो. तो कोणाशी तरी पडद्यावर बोलत होता. मला बघून त्याने समोरच्याला थांबवलं आणि तोंडभर हसला. मी विचारलं, तीन वर्षं सांगितलं का नाहीस?

"तुमच्या मनाला लागलं असतं, सर," तो म्हणाला.

"माझ्या मनाची काळजी तुला?"

"बसा की. पाणी घ्या." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काम थांबलं काय कुठं? नाही ना? उलट सगळं जपून ठेवलंय आम्ही. तुमच्या पक्क्या रेघांवरनं आता पूर्ण 'तारळेकर हात' तयार आहे. उताराबितारासकट सगळं. उद्या तुम्ही घरी बसलात तरी तुमचं काम चालू राहणार. किती जणांच्या नशिबात असतं हे?"

म्हणजे हा माणूस तीन वर्षं माझा हात उचलत होता, आणि हात पुरता उचलून होईपर्यंत मला डॉक्टरकडे पाठवायचा नव्हता. आणि हे तो मला आनंदाची बातमी म्हणून सांगत होता. त्याला खरोखरच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लबाड माणसाचा राग येतो. याचा राग यायला हा आधी माणूस असायला हवा होता.

घरी येऊन मी वैजूला सगळं सांगितलं. ती पालक निवडत होती. तिने एक पान बाजूला टाकलं, दुसरं घेतलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"हात. मी म्हटलं होतं तुम्हाला, एकदा दाखवून येऊ. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? ज्यांच्या हाताला काम नाही त्यांनी हात दाखवत फिरावं." पालक निवडणं चालूच. "मग मी कप अर्धा भरायला लागले. भरलेला सांडला असता, मग तुम्हाला कळलं असतं. आणि तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही चहा गरम होता म्हणून माझ्यावर ओरडला असतात."

असंच झालं असतं, शब्दन् शब्द. मला लाज वाटली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

डॉक्टरीण तरुण होती. तिने मला कागदावर एक वाक्य लिहायला सांगितलं. तेच वाक्य पुन्हा पुन्हा, ओळीमागून ओळ. मी लिहिलं. तिने कागद माझ्याकडे फिरवला.

"बघा. अक्षर सुरुवातीला मोठं आहे आणि शेवटाकडे लहान होत गेलंय. ओळ कुठलीही घ्या. कंपवातात असं होतं."

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. तो माझा उतार होता. 'तारळेकरी उतार', ज्याच्यावर लोक व्याख्यानं देत होते आणि ज्याचा पोरांनी ठसा काढला होता. माझी शैली म्हणून जी काय मिरवत होतो ती आजाराची खूण निघाली. आणि तिची नक्कल करणारी धडधाकट हातांची ती फौज! मला हसू आलं. डॉक्टरणीला वाटलं, धक्का बसला.

"गोळीनं आजार जात नाही," ती म्हणाली. "पण थरथर पुष्कळ कमी होईल, हात मोकळा होईल. काही वर्षं चांगली जातील. ती वर्षं वाया घालवू नका, एवढंच."

गोळ्या घरी आणल्या. आणि सुरू केल्या नाहीत.

त्याचं कारण असं. मला मगदूमची चारचौघांत शोभा करायची होती. स्पर्शालयवाल्यांपुढे माझी कच्ची रेघ छापून ठेवायची, उसवलेली, वेडीवाकडी, आणि सांगायचं, हा खरा तारळेकर हात, आता बोला. नाझनीनने या वेळी सारथी खरंच बंद केला. मगदूमला विचारलं नाही, तेवढं धाडस तिने केलं. खवले मांजर मी पहिल्यापासून पुन्हा कोरलं. थरथरत, थांबत, शिव्या घालत. वैजूने एकदा ड्रॉवर उघडून गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट बघितलं.

"खवले मांजर झालं की घेतो," मी म्हणालो.

तिने ड्रॉवर लावला.

छापून आलेलं जनावर बघायला स्पर्शालयाच्या संचालिका केळुसकरबाई स्वतः आल्या. मगदूमने ते आधी बघितलंही नव्हतं. मी भाषण तयार करून उभा होतो. बाईंनी डोळे मिटून पाठीवरून हात फिरवला, थांबल्या, पुन्हा फिरवला. त्यांच्या अंगावर काटा आला तो मला दिसला.

"आजवरच्या सगळ्या जनावरांत हे पहिलं," त्या म्हणाल्या, "जे हाताखाली घाबरलं."

बाई, ते घाबरलेलं नाही, मी आजारी आहे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण बाहेर पडलं नाही. कारण त्या पुढेही बोलत होत्या, आणि मला ते ऐकायचं होतं. असं काम त्यांनी पाहिलं नव्हतं. आता पुढच्या सगळ्या दालनांना हीच माणसं आणि हाच हात हवा होता. मगदूम माझ्याकडे बघून मान डोलावत होता, जणू हे त्यानेच कोरलं होतं.

त्यानंतर मी ड्रॉवर उघडला नाही. वैजू विचारायची, "खवले मांजर झालं ना?" मी म्हणायचो, "झालं की. आता अस्वल आलंय." कलेसाठी थोडं सोसावं लागतं असलं काहीतरी मी मनाशी बोलत असे. दुसऱ्या कोणी हे वाक्य माझ्यासमोर उच्चारलं असतं तर मी त्याला स्टुडिओबाहेर काढला असता. शर्टाची बटणं एव्हाना वैजू लावून देत होती. तीही न बोलता.

रविवारी सकाळी मगदूम घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा. सोफ्यावर ऐसपैस बसला आणि आधी भिंतीवरचे फोटो, मग खिडकीतली कुंडी, मग माझा हात, असं सगळं कौतुकाने बघून घेतलं.

"केळुसकर मॅडम लई खूश आहेत, सर. मोठं काम आहे. फक्त एक अडचण झालीय." तो पुढे सरकला. "सारथीला तुमची थरथर जमत नाही. तो बनवलाच ती काढून टाकायला. आता त्याला उलटं शिकवायला पाहिजे. साठवलेल्या पुरत नाहीत, त्यासाठी तुमच्या अजून भरपूर कच्च्या रेघा लागणार."

"मग?"

"तुम्ही औषध सुरू केलंय काय?"

"नाही."

"झकास!" तो खरोखर सुटकेचा श्वास टाकून म्हणाला. "वर्षभर थांबता आलं तर बघा की. गोळी घेतली की थरथर जाणार, मग आम्ही शिकवायचं काय त्याला? वाढली तरी हरकत नाही. वाढत जाताना मिळाली तर उलट बरंच आहे. एकदा सगळी घेऊन झाली, की तुम्ही मोकळे. मग घ्या की गोळ्या, पाहिजे तेवढ्या."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

मला मगदूमची किळस आली. ती यायचीच होती. पण याहून वाईट हे, की तो जे बोलत होता ते सगळं मी महिनाभर मनात बोलत होतो, फक्त जरा बऱ्या भाषेत. त्याच्या तोंडून ते उघडंनागडं ऐकलं आणि मला माझीच जास्त किळस आली. ज्या माणसाला मी माणसात धरत नव्हतो, त्याच्याच शेजारी मी जाऊन बसलो होतो.

वैजू ट्रे घेऊन आली. दोन कप काठोकाठ, एक अर्धा. पाण्याचा पेला. अर्धा कप तिने माझ्यापुढे ठेवला.

"वैजू," मी म्हणालो, "हा भरून आण."

तिने माझ्याकडे बघितलं. मग कप उचलला, आत गेली आणि भरून आणला. मी तो उचलला. उचलता उचलता बशीत सांडला, बशीतून टेबलावर, टेबलाच्या कडेवरून खाली. मगदूमने पांढरे बूट झटकन मागे घेतले. मी घाई केली नाही. जेवढा ओठांपर्यंत पोचला तेवढा प्यायलो. वर्षभरात पहिल्यांदा मला कळलं की माझा हात नेमका कसा आहे.

वैजू फडकं आणायला वळली.

"पुसू नको," मी म्हणालो. "आधी यांना मोजून घेऊ दे. यातपण तारळेकर हात आहे. कच्चा आहे, ताजा आहे. मगदूम, घ्या की. डबा देऊ का?"

"सर, तुम्ही विनाकारण मनाला लावून घेताय..."

मी उठून ड्रॉवर उघडला. पाकिटातून गोळी काढता येईना. दोनदा प्रयत्न केला, मग पाकीट वैजूपुढे धरलं. तिने ती फोडून माझ्या तळहातावर ठेवली. मी चहाचा कप उचलायला गेलो.

"चहाबरोबर नको," ती म्हणाली. "पाणी घ्या."

पाण्याबरोबर मी गोळी गिळली. मगदूम माझ्या गळ्याकडे बघत होता. वर्षभराचा कच्चा माल खाली उतरताना त्याने डोळ्यांनी पाहिला. मग त्याने पेढ्यांचा पुडा उचलला, काय वाटलं कोण जाणे, पुन्हा ठेवला आणि उभा राहिला.

"उद्यापासून कप भरूनच देते," वैजू मला म्हणाली आणि फडकं माझ्या हातात दिलं. "पुसायचं तेवढं तुम्ही बघा."

मी टेबल पुसायला लागलो. मगदूम चहाच्या ओघळाला वळसा घालून, बूट जपत, दाराकडे निघाला होता.